फुल्गाच्या डाव्या कुशीतलं भोक

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. शिक्का मारून, खाली सही ठोकून खोटं लिहिलंत.

जिल्ह्याचे जनावरांचे डॉक्टर म्हणून तुम्ही पाठवलेल्या कागदावर असं आहे की आमच्या फुल्गा घोडीच्या डाव्या कुशीत जे भोक आहे, ते साबिना दुन्का या बाईने, या जिल्ह्यात उपचार करण्याचा अधिकार नसताना, पाडलं. ते भोक मी पाडलं. मी, वार्वारा, ग्रिगोरची बायको, याच उजव्या हाताने. शाळा मी चार वर्षं शिकले. बाकीचं लिहिणं सासऱ्यांच्या प्रार्थनेच्या पुस्तकावरून गिरवून शिकले. माझ्या कागदात चुका निघतील, खोटं निघणार नाही. झालं कसं ते पहिल्यापासून ऐका.

गेल्या उन्हाळ्यात गवत कापायच्या दिवसांत पाऊस थांबलाच नाही. कापलेलं गवत जागेवर काळं पडलं. तेच झटकून झटकून हिवाळाभर जनावरांना घातलं आणि एप्रिल सरता सरता माळा रिकामा झाला. मे महिन्यातल्या दुसऱ्या सोमवारी ग्रिगोरने फुल्गाला शेजारच्या पालागाकाकूच्या कोवळ्या लसूणघासात सोडलं. काकूला विचारून सोडलं. पण घासावर दव होतं आणि घोडी पंधरवडाभराची भुकेली होती.

फुल्गा तेरा वर्षांची. अंग करडं, कपाळावर पांढरा ठिपका. वरच्या रानातून बीचच्या झाडांचे ओंडके साखळीने ओढून ती खाली रस्त्यावर आणते. आमच्या डोंगरात ट्रॅक्टर चढत नाही. ती ओढते तेव्हा आमच्या घरात मक्याच्या पिठाचा मामालिगा शिजतो.

नऊच्या सुमारास ती अंगणात आली ती पिंपासारखं पोट घेऊन. आली आणि आडवी झाली. लोळायला लागली. पाय झाडत होती, मान वळवून स्वतःच्याच पोटाकडे बघत होती.

"शूळ हाय! उठवा, फिरवा तिला!" माझे सासरे नेकिता ओसरीवरून ओरडले.

ग्रिगोर दोर ओढून ओढून घामाघूम झाला. घोडी उठेना.

मी मेंढपाळाच्या घरची. माहेरी मेंढी फुगली की बाप मलाच हाक मारायचा, कारण माझा हात थरथरत नसे. दाभण टोचायचं, भोकात हंसाच्या पिसाचा पोकळ देठ बसवायचा, वारा निघून जातो. चाळीसेक मेंढ्या आणि सहा गाई मी अशा उठवल्यात. मी आत जाऊन दाभण आणलं.

"मामंजी, बाजूला व्हा."

"आगं, मेंढी हाय व्हय ती?"

"वारा तो वारा. मेंढीत काय नि घोडीत काय."

बरगड्या संपतात आणि कमरेचं हाड लागतं त्यामधली डावी भकाळी मी बोटांनी चाचपली आणि दाभण घातलं. आधी ते मी कमरेच्या फडक्याला पुसलं होतं. फडक्याला. हे तुमच्या कागदात नाही, म्हणून इथे लिहिते.

सूं करून वारा सुटला. आंबलेल्या गवताचा वास अंगणभर पसरला. अर्ध्या तासात फुल्गा उभी राहिली आणि अंग झटकून तिने फुरफुर केलं. पालागाकाकू कुंपणावर रेलून बघत होती.

"वार्वारे, तुलाच डॉक्टर करायला हवं होतं," ती म्हणाली. "आणि कचेरीतल्या साहेबाला पाठवायचा मेंढ्या राखायला!"

सगळे हसले. सासऱ्यांनी होरिंकाची, घरी गाळलेल्या फळांच्या दारूची, बाटली काढली. मीही दोन घोट घेतले. माझ्या हाताकडे बघून मला फार बरं वाटत होतं.

मंगळवारी तिने एक खेप अर्धीच ओढली आणि थांबली. ग्रिगोर म्हणाला, थकली असेल. बुधवारी सकाळी तबेल्यात गेले तर फुल्गा लाकडाच्या घोड्यासारखी उभी. चारही पाय आखडलेले, पोट वर ओढलेलं, मान खाली. घमेल्यात घास तसाच. मी कुशीला हात लावला तर ती कण्हली. घोडी माणसासारखी कण्हते हे मला त्या दिवशी कळलं.

"पुन्ना शूळच," सासरे म्हणाले. "फिरवा."

आमच्याकडे घोड्याच्या पोटात दुखलं की एवढंच करतात. फिरवतात आणि होरिंका पाजतात. ग्रिगोरने तिला वेशीवरच्या क्रुसापर्यंत नेलं आणि परत आणलं. प्रत्येक पावलाला ती कण्हत होती. मग मी तिचं तोंड वर धरलं आणि सासऱ्यांनी बाटलीभर होरिंका ओतली. निम्मी माझ्या बाहीत गेली.

"माजा शूळ हिच्यानंच उतरतो," सासरे म्हणाले.

"बा, तुझा शूळ बाटली संपली की पुन्हा चढतो," ग्रिगोर म्हणाला. पण हसला नाही.

बुधवारी मी तुमच्या कचेरीत फोन लावला. सात वेळा घंटी वाजून बंद पडली. आठव्या वेळी तुमच्या कारकुनाने उचलला.

"घोडीच्या ओळखपत्राचा, पासपोर्टचा नंबर?"

"घोडी मरायला टेकलीय हो."

"नंबराशिवाय नोंद होत नाही. साहेब मेंढ्यांच्या कानात बिल्ले मारायला गेलेत. शूळ असेल तर फिरवा."

आणखी फिरवली. गुरुवारी सकाळी पुन्हा लावला. या वेळी तुम्ही स्वतः बोललात, साहेब. वय विचारलंत. तेरा सांगितलं. तुम्ही म्हणालात, "मग कशाला तिचे हाल करताय? कत्तलखान्याचा फॉर्म आहे, येऊन घेऊन जा. उभी आहे तोवरच न्या, पडल्यावर ते घेत नाहीत."

मी फोन ठेवला. ग्रिगोर दारात उभा होता. खुंटीवरचं जोखड काढून तो त्याचं चामडं तेलाने पुसत बसला. ज्या घोडीचं ते होतं ती चार पावलं चालू शकत नव्हती.

नदीपलीकडे दुसरा जिल्हा लागतो. तिथे साबिना दुन्का राहतात. तीस वर्षं जनावरांच्या डॉक्टर होत्या. वय अडुसष्ट. एका खेचराने लाथ मारून त्यांचं कमरेचं हाड मोडलेलं, त्यामुळे लंगडतात. झुलत्या पुलावरून मी धावत गेले तेव्हा त्या बटाट्याच्या सरींना माती लावत होत्या.

"तो काठ माझा नाही, बाई," त्या म्हणाल्या. "माझा परवाना अलीकडच्या काठाचा."

"घोडीला काठ कळत नाही, डॉक्टरीणबाई."

त्यांनी खुरपं थांबवलं. "लोळते का?"

"नाही. नुसती उभी आहे. चालवली की कण्हते."

"बिलकूल लोळत नाही?"

"सोमवारी लोळली होती. आता नाही."

त्यांनी खुरपं मातीत रोवलं आणि हात धुतले. "शुळाची घोडी लोळते. न लोळणारीची मला जास्त भीती वाटते. पिशवी घे ती."

तबेल्यात आल्यावर त्या थेट घोडीपाशी गेल्या. फुल्गाचा ओठ उलटून हिरड्या पाहिल्या. विटेसारख्या लाल होत्या, कडेला जांभळ्या. जबड्याखाली दोन बोटं ठेवून घड्याळ पाहिलं. शेपटी उचलून थर्मामीटर लावलं. मग कान पोटाला लावून बराच वेळ उभ्या राहिल्या, आधी उजवीकडे, मग डावीकडे.

"घोडीचं पोट ओढ्यासारखं वाजायला हवं," त्या म्हणाल्या. "हिचं गप्प आहे. एकोणचाळीस पॉइंट नऊ ताप, अडतीसच्या आसपास हवा." आणि त्यांचा हात डाव्या भकाळीवर थांबला. केस बाजूला करून त्यांनी खपली पाहिली. "हे कोणी टोचलं?"

ग्रिगोरने छताच्या तुळईकडे बघितलं. सासरे खोकले. दाराशी पालागाकाकू होती. कुठे काही झालं की ती असतेच.

"मी," मी म्हटलं.

"कशाने?"

"दाभणाने."

"उकळलं होतंस?"

"पुसलं होतं."

त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्या हळूच म्हणाल्या, "गाईचं मोठं पोट डावीकडे असतं. घोड्याचा वारा भरतो तो उजवीकडे. तुझ्या नशिबाने आतड्याचा एक वेटोळा इकडे फुगून आला होता, म्हणून वारा तरी सुटला. पण तू चुकीच्या दाराने शिरलीस, आणि चिखलाच्या पायांनी शिरलीस. आतली घाण पोटाच्या अस्तरावर सांडलीय. तिथे आता जंतू माजलेत."

पालागाकाकूने तोंडावर हात ठेवला. सोमवारी तिनेच मला डॉक्टर केलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी फुल्गाच्या पोटाखाली, सगळ्यात खालच्या जागी, तळहाताएवढे केस भादरले. तीन वेळा साबणाने आणि तीन वेळा आयोडीनने धुतलं. मग पालथ्या बादलीवर बसल्या, मोडकं हाड सांभाळत, आणि सुई हळूहळू वर सरकवली. ग्रिगोर तोंडाशी धरून होता. मी त्यांच्या हातात काचेची नळी दिली. थेंब थेंब करत ती भरली.

"बाबा, तुमचं ते पुस्तक आणा," त्या सासऱ्यांना म्हणाल्या.

सासरे प्रार्थनेचं पुस्तक घेऊन आले. त्यांना वाटलं, आता शेवटचं वाचायचं. बाईंनी नळी उघड्या पानासमोर धरली. "चांगल्या घोडीच्या पोटातलं पाणी वाळल्या काडीच्या रंगाचं असतं. त्यातून अक्षर वाचता येतं. वाच, वार्वारा."

मी वाकून पाहिलं. नळीत तांबूस, दाट, पेजेसारखं काहीतरी होतं. त्या पुस्तकावरून मी लिहायला शिकले, त्यातलं पान न् पान मला तोंडपाठ. त्या नळीतून मला एक अक्षर दिसलं नाही.

"आता थांबायचं," बाई म्हणाल्या. नळी त्यांनी खिडकीच्या चौकटीत उभी केली. "गाळ खाली बसेल. त्यात गवताचे हिरवे कण दिसले तर भोक अजून उघडं आहे. मग मी तुम्हाला बंदूकवाला बोलवायला सांगेन आणि तेच तिच्या भल्याचं असेल. नाही दिसले तर बघू."

साहेब, तो अर्धा तास तुम्ही तिथे असायला हवं होतं. ग्रिगोरने टोपी काढून हातात धरली. सासरे भिंतीला टेकून खाली बसले. मी घोडीजवळ गेले नाही. मला तिच्या तोंडाकडे बघवेना.

बाईंनी नळी उन्हात धरून फिरवली, नाकाशी नेली, पुन्हा फिरवली.

"गवत नाही. कुजका वासही नाही. भोक आपलं आपण मिटलंय. आग मागे राहिलीय." त्यांनी चष्मा पुसला. "आग विझवता येते. कधी कधी."

नदीपलीकडच्या प्रयोगशाळेत त्यांनी अर्धी नळी पाठवली, पण निकालाची वाट बघितली नाही. तिथेच मानेच्या शिरेत नळी घातली. सलाइनच्या बाटल्या तुळईला टांगल्या. पेनिसिलिन, आणि दुसरं एक औषध दिवसातून एकदा. "हे दुसरं मूत्रपिंडांना जाळतं," त्या म्हणाल्या. "म्हणून पोटात पाणी गेलंच पाहिजे. ही प्यायली किती, मुतली किती, सगळं मला सांगायचं. लाजायचं नाही." मग पोटाखाली एक बारीक नळी बसवून त्यांनी कोमट औषधी पाणी आत सोडलं आणि तेच बाहेर काढलं. पहिलं पाणी पेजेसारखं. दुसरं जरा पातळ. असं तीन दिवस धुतलं.

सुई द्यायला त्यांनी मला शिकवलं. "तुझा हात थरथरत नाही म्हणतेस ना? मग आता चांगल्या कामाला लाव." मानेच्या एका बाजूला सकाळी, दुसऱ्या बाजूला संध्याकाळी. प्रत्येक वेळी सुई नवी. प्रत्येक वेळी हात कोपरापर्यंत धुवायचे. ताप मी तबेल्याच्या दारावर कोळशाने लिहायचे. ३९.९. ३९.७. चौथ्या दिवशी ४०.१.

त्या चौथ्या दिवशी बाईंनी फुल्गाच्या टापांना हात लावला आणि त्यांचा चेहरा उतरला. टापा तापल्या होत्या. "पोटातलं विष खुरांत उतरतं. खूर सुटला तर पोट बरं होऊनही उपयोग नाही. बर्फ हवा."

वरच्या घळीत, उन्ह पोचत नाही तिथे, मे महिन्यातही बर्फ असतो. ग्रिगोर पोतं घेऊन चढला. एक तास वर, पाऊण तास खाली. पाठीवरून पाणी गळत असायचं. दिवसाला चार खेपा, सात दिवस. आम्ही फुल्गाचे पाय घोट्यापर्यंत बर्फाच्या बादल्यांत उभे केले.

तिसऱ्या खेपेला पालागाकाकू कुंपणावरून म्हणाली, "काय रे ग्रिगोर, घोडी आराम करतीय आणि तू ओढतोयस?"

"दहा वर्षं ती ओढतेय, काकू. माझा अजून दिवससुद्धा झाला नाही," तो म्हणाला आणि वर निघाला. दुसऱ्या दिवशी पालागाकाकूचा नवराही पोतं घेऊन त्याच्या मागे गेला.

बाई रोज यायच्या. पूल झुलतो, त्या लंगडतात, मी मध्यापर्यंत आणायला जायचे. ओसरीवरच्या सासऱ्यांच्या खुर्चीत आजवर कोणी बसलं नव्हतं, पाद्रीबाबासुद्धा नाही. तिसऱ्या दिवसापासून सासरे बाईंना बघितलं की उठून खुर्ची फडक्याने पुसायचे. त्या बसून मेंढीचं चीज आणि मामालिगा खायच्या आणि सासऱ्यांना म्हणायच्या, "बाबा, होरिंका घोडीला नाही, मला द्या. जखम धुवायला."

"पोटातली का बाहेरची?" सासरे विचारायचे.

"तुम्ही द्या तर. जागा मी शोधीन."

प्रयोगशाळेतून उत्तर आलं की जंतू बाईंना वाटले तेच आणि औषधही तेच. सहाव्या दिवशी दारावर ३८.८ लिहिलं. सातव्या दिवशी सकाळी फुल्गाने लीद टाकली. पाच गोळे, ओले, हिरवे. मी त्या लीदेपाशी गुडघ्यावर बसून रडले. सासऱ्यांनी एक गोळा फावड्यावर घेतला आणि पूर्ण घराला दाखवत फिरले. नवव्या दिवशी मी बादली घेऊन आत गेले तर ती माझ्याकडे बघून हलकेच खिंकाळली. जिने तिला भोक पाडलं तिच्याकडे बघून. बाराव्या दिवशी बाईंनी पुन्हा पोटातलं पाणी काढलं आणि नळी पुस्तकासमोर धरली.

"वाच."

मी वाचलं. अक्षर न् अक्षर वाचलं. सासरे माझ्याबरोबर म्हणत होते.

औषध बावीस दिवस चाललं.

आता माझ्या दुसऱ्या चुकीबद्दल. आमच्या देवळात ज्याच्यासाठी प्रार्थना करायची त्याचं नाव चिठ्ठीवर लिहून पाद्रीबाबांकडे देतात आणि ते वेदीपुढे वाचतात. नुसती नावं वाचतात, कारण वाचत नाहीत. रुसालीच्या सणाच्या रविवारी मी चिठ्ठीवर लिहिलं: साबिना, नदीपलीकडची, जिने आमची फुल्गा मरणातून काढली. आणि पाद्रीबाबांना हट्टाने सांगितलं, सगळं वाचा. त्यांनी सगळं वाचलं, मोठ्याने. बायका माझ्याकडे वळून बघत होत्या. माझी छाती भरून आली होती. पुरुषांच्या बाजूला, तिसऱ्या रांगेत, तुमचा कारकून बसला होता.

मंगळवारी तुम्ही आलात, साहेब. घोडी मरत होती तेव्हा तुम्हाला रस्ता सापडला नाही, त्या दिवशी बरोबर सापडला. फुल्गा कुरणात चरत होती, तिच्याकडे तुम्ही एकदा पाहिलंत. दारावरच्या आकड्यांचे फोटो काढलेत. कुशीतल्या वणावर बोट ठेवून विचारलंत, हे कोणी केलं? मी म्हटलं, मी. तुम्ही पुन्हा विचारलंत. मी पुन्हा म्हटलं, मी. ग्रिगोर शेजारी उभा होता. तिसऱ्यांदा मी ओरडून सांगितलं. तुम्ही मान डोलावून काहीतरी लिहिलंत आणि गेलात. पंधरा दिवसांनी कागद आला. भोक साबिना दुन्का यांनी पाडलं. परवाना रद्द. शिक्का जमा.

मी पूल ओलांडून गेले. बाई कांद्याच्या वाफ्यात होत्या.

"माझ्या आभारांनीच तुमचा घात केला," मी म्हटलं.

"माझं नाव कोणी देवळात उभं राहून वाचलं नव्हतं आजवर," त्या म्हणाल्या. "ते राहील माझ्याकडे. शिक्क्याचं काय, रबराचा होता." मग त्यांनी माझ्या हाताला माती लावली, चेष्टेने. "पुढच्या वेळी दाभण उकळ. आणि त्याआधी कोणालातरी बोलाव."

"कोणाला बोलावू, डॉक्टरीणबाई?"

त्या वाकून पुन्हा कांदे उपटायला लागल्या.

काल, ऑगस्टात, फुल्गाने आजारानंतरची पहिली खेप ओढली. लहान ओंडका होता. ग्रिगोर तिच्या बाजूने चालत होता, दोर सैल सोडून. वेशीवरच्या क्रुसापाशी ती थांबली, फुरफुरली, आणि आपणहून पुढे निघाली. मी मागून चालत होते. डॉक्टरीणबाईंचं नाव मी मनात किती वेळा घेतलं ते मला माहीत नाही.

तबेल्याचं दार मी पुसलेलं नाही. ३९.९ पासून ३७.८ पर्यंत सगळे आकडे आहेत तसे आहेत. शेवटच्या आकड्याखाली हातभर जागा मोकळी ठेवलीय आणि कोळशाचा तुकडा दोरीने खिळ्याला बांधून ठेवलाय. साहेब, तुम्हाला आता रस्ता माहीत आहे. या, आणि त्या मोकळ्या जागेत, शिक्क्याशिवाय, स्वतःच्या हाताने लिहा: भोक कोणी पाडलं, घोडी कोणी वाचवली, आणि आमच्या काठावर पुढची घोडी अशी उभी राहिली तर आम्ही कोणाला हाक मारायची?